विचारायचं कुणाला? लैंगिक आरोग्याविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे पान अठरा वर्षांवरच्या तरुण मुलामुलींसाठी आहे, लग्न झालेलं असो वा नसो. लैंगिक आरोग्यातली प्रकरणं हाताबाहेर जातात ती बहुतेकदा वाया गेलेल्या दिवसांमुळे. विचारायची लाज वाटली, दोन आठवडे गेले, आणि एका गोळीने मिटणारी गोष्ट दवाखान्यात दाखल होण्यापर्यंत गेली. म्हणून ज्या प्रश्नांत तास मोजावे लागतात, ते आधी घेतले आहेत.

कंडोम फाटला किंवा आत राहिला. आता काय करायचं?

लगेच थांबा. आत राहिला असेल तर उकिडवं बसून स्वच्छ बोटांनी हळूच काढा. योनीमार्ग वर बंद असतो, कंडोम पोटात जाऊ शकत नाही. लघवी करून या आणि बाहेरून साध्या पाण्याने धुवा. आत पाण्याचा फवारा, साबण, डेटॉल, लिंबू असं काहीही घालू नका. शुक्राणू काही मिनिटांतच गर्भाशयमुखात शिरतात, त्यामुळे गर्भ राहायचा तो धुण्याने टळत नाही. उलट आतली नाजूक त्वचा सोलवटली की संसर्गाला वाट मिळते.

यापुढे दोन वेगळे प्रश्न असतात: गर्भ राहील का, आणि संसर्ग होईल का. दोन्हींसाठी औषध आहे आणि दोन्हींची मुदत ७२ तासांची आहे. ‘सोमवारी बघू’ म्हणण्यात त्यातले ४८ तास सहज जातात.

आपत्कालीन गोळी कशी घ्यायची? ती किती खात्रीची?

आय-पिल, अनवॉन्टेड-७२ अशा नावांनी मिळणाऱ्या या गोळीत लेव्होनॉरजेस्ट्रेल १.५ मिलिग्रॅम असतं. एकच गोळी, पाण्याबरोबर, जितक्या लवकर जमेल तितक्या लवकर. चिठ्ठी लागत नाही. गोळी घेतल्यावर तीन तासांच्या आत उलटी झाली तर पुन्हा एक घ्यावी.

ही गोळी बीजांड बाहेर पडणं लांबवते. शुक्राणू स्त्रीच्या शरीरात पाच दिवसांपर्यंत जिवंत राहू शकतात. गोळीमुळे तेवढ्या काळात बीजांडच बाहेर आलं नाही, तर दोघांची गाठ पडत नाही. बीजांड आधीच बाहेर पडलं असेल तर गोळीला करण्यासारखं फारसं काही उरत नाही, म्हणूनच ती शंभर टक्के खात्रीची नाही. ती गर्भपाताची गोळीही नाही. गर्भ राहिलेला असेल तर तो तिने पडत नाही.

दोन गोष्टी मेडिकलच्या काउंटरवर सहसा सांगितल्या जात नाहीत. एक, बीजांड लांबणीवर पडलेलं असतं, टळलेलं नसतं. त्यामुळे त्याच महिन्यात पुन्हा बिनकंडोमचा संबंध आला तर धोका आधीपेक्षा वाढू शकतो. दोन, क्षयरोगाची रिफॅम्पिसिन किंवा फिटची फेनिटॉइन, कार्बामाझेपिन ही औषधं चालू असतील तर नेहमीचा डोस अपुरा पडतो. तेव्हा डॉक्टरांना चालू गोळ्यांची नावं सांगा.

याहून खात्रीचा उपाय म्हणजे तांबी, म्हणजेच कॉपर-टी. संबंधानंतर पाच दिवसांच्या आत बसवली तर ती सर्वांत परिणामकारक आपत्कालीन साधन ठरते आणि पुढची काही वर्षं निर्धास्त जातात. मूल झालेलं नसलं तरी ती बसवता येते.

गोळीनंतर चार दिवसांनी थोडं रक्त गेलं. म्हणजे काम झालं ना?

तसं म्हणता येत नाही. गोळीतल्या हार्मोनमुळे मध्येच थोडं रक्त जाऊ शकतं आणि पुढची पाळी काही दिवस मागेपुढे होऊ शकते. पाळी एका आठवड्याहून जास्त लांबली, किंवा संबंधाला तीन आठवडे होऊन गेले, की तपासणी करा. उत्तर त्या तपासणीतूनच मिळतं.

ही गोळी महिन्यातून तीनचारदा घेतली तर वंध्यत्व येतं, ही भीती मात्र निराधार आहे. वारंवार घेतल्याने पाळीचं चक्र विस्कळीत होतं आणि नियमित साधनापेक्षा संरक्षण कमी मिळतं, एवढाच तोटा. पण तो पुरेसा आहे. महिन्याला गोळी लागत असेल तर पुढे दिलेल्या साधनांपैकी एक निवडा.

समोरच्या व्यक्तीला एचआयव्ही असेल अशी शंका आहे. कालच संबंध आला.

आज, आत्ता निघा. संसर्ग टाळणाऱ्या औषधांचा २८ दिवसांचा कोर्स असतो, त्याला पेप म्हणतात. पहिली गोळी पहिल्या काही तासांत गेली तर उत्तम, ७२ तासांनंतर तिचा उपयोग नाही. जिल्हा रुग्णालय किंवा वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात जाऊन एआरटी केंद्र, म्हणजे एचआयव्हीवरच्या उपचारांचं केंद्र, विचारा. रात्र असेल तर अपघात विभागात ‘एचआयव्हीसाठी पेप हवं आहे’ इतकंच सांगा. वाट माहीत नसेल तर १०९७ ही राष्ट्रीय एड्स हेल्पलाइन मोफत आहे.

मुदत उलटून गेली असेल तर तपासणी. सरकारी आयसीटीसी केंद्रात ती मोफत होते, आधी आणि नंतर समुपदेशक बोलतात. दुसऱ्याच दिवशी केलेली तपासणी कालच्या संबंधाबद्दल काहीच सांगत नाही, कारण शरीराला प्रतिपिंडं तयार करायला वेळ लागतो. सहा आठवड्यांनी एकदा करा आणि तीन महिन्यांनी पक्की करा. एचआयव्ही प्रतिबंध आणि नियंत्रण कायदा, २०१७ नुसार तुमच्या संमतीशिवाय ही तपासणी करता येत नाही आणि निकाल इतरांना सांगता येत नाही.

निकाल पॉझिटिव्ह आला तर एआरटीची औषधं सरकारी केंद्रात मोफत मिळतात. ती नियमित घेऊन रक्तातला विषाणू मोजता न येण्याइतका कमी झाला आणि तसाच राहिला, की संबंधातून तो जोडीदाराला लागत नाही. लग्न करता येतं, निरोगी मूलही होऊ शकतं.

पाळी चुकली. तपासणी कधी आणि कशी करू?

पाळीची तारीख उलटल्यावर. त्याआधी केली तर ‘नाही’ असं खोटं उत्तर येऊ शकतं. पाळी अनियमित असेल तर शेवटच्या संबंधानंतर तीन आठवड्यांनी. सकाळची पहिली लघवी घ्या, किटवरच्या खळग्यात पाकिटावर सांगितले असतील तितकेच थेंब टाका आणि पाच मिनिटं थांबा. दोन रेषा म्हणजे गर्भ आहे, दुसरी कितीही पुसट असली तरी. ‘सी’समोर एकच रेषा म्हणजे नाही. ‘सी’समोर रेषाच नाही म्हणजे किट वाया गेलं, नवं आणा. अर्ध्या तासाने दिसू लागलेली फिकट रेघ धरायची नाही. ‘नाही’ आलं आणि पाळीही आली नाही, तर आठवड्याने पुन्हा करा. आशाताईंकडे ‘निश्चय’ नावाचं सरकारी किट मोफत असतं.

किटवर दोन रेषा, त्यात एका बाजूला ओटीपोटात जोराचं दुखणं, चक्कर किंवा खांदेदुखी असेल तर थेट रुग्णालय गाठा. गर्भ नळीत राहिलेला असू शकतो आणि नळी फुटली तर जिवावर बेततं.

लग्न झालेलं नाही आणि गर्भ ठेवायचा नाही. कायदा काय म्हणतो?

भारतात गर्भपात १९७१ च्या कायद्याने, ठरावीक अटींवर, मान्य आहे. २०२१ च्या दुरुस्तीने गर्भनिरोधक निकामी ठरल्याचं कारण ‘स्त्री किंवा तिचा जोडीदार’ अशा शब्दांत लिहिलं, म्हणजे ते अविवाहितेलाही लागू झालं. वीस आठवड्यांपर्यंत एका नोंदणीकृत डॉक्टरचं मत पुरतं. वीस ते चोवीस आठवड्यांत दोन डॉक्टरांचं मत लागतं आणि ती मुभा ठरावीक परिस्थितींत आहे. त्यात अविवाहित स्त्रियांशी भेदभाव करता येणार नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने २९ सप्टेंबर २०२२ रोजी स्पष्ट केलं.

अठरा पूर्ण असतील तर सही फक्त तुमची. नवऱ्याची, आईवडिलांची, मित्राची सही कायदा मागत नाही. नाव गुप्त ठेवणं डॉक्टरांवर बंधनकारक आहे. काही ठिकाणी ‘गर्भपात बेकायदा आहे’ असं सांगून परत पाठवतात. ती गर्भलिंगनिदान बंदीच्या कायद्याशी केलेली गल्लत आहे. लिंग तपासणं गुन्हा आहे, नियमात बसणारा गर्भपात नाही. एकाने नाही म्हटलं तर दुसऱ्या मान्यताप्राप्त केंद्रात जा, पण त्यात आठवडे घालवू नका.

शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून नऊ आठवड्यांपर्यंत गोळ्यांनी गर्भपात होतो. आधी मिफेप्रिस्टोन, मग एकदोन दिवसांनी मिसोप्रोस्टॉल. या गोळ्या ओळखीच्या मेडिकलमधून परस्पर आणू नका. गर्भ नळीत असेल तर त्या लागू पडत नाहीत आणि रक्तस्राव पोटात होत राहतो. दिवस मोजण्यात चूक झाली असेल तर गर्भपात अर्धवट राहतो. हिमोग्लोबिन आधीच सात-आठ असेल, आणि आपल्याकडे कित्येक मुलींचं तेवढंच असतं, तर नेहमीचा रक्तस्रावही झेपत नाही. गोळ्यांनंतर सलग दोन तास, तासाला दोन पॅड पूर्ण भिजत असतील, किंवा ताप दुसऱ्या दिवशीही उतरला नसेल, तर रुग्णालयात जा आणि काय घेतलं ते खरं सांगा.

मुलगी अठराच्या आतली असेल तर पालकांची लेखी संमती लागते आणि पोक्सो कायद्यामुळे डॉक्टरांना पोलिसांना कळवावं लागतं. मुलीची आणि पालकांची विनंती असेल तर त्यात तिचं नाव उघड न करण्याची सवलत वर उल्लेखलेल्या निकालाने दिली आहे. ‘पोलिस येतील’ या भीतीने घरगुती उपाय करणं जिवाला सर्वांत घातक.

बळजबरी झाली. आधी पोलिस की दवाखाना?

दवाखाना. सरकारी असो वा खासगी, प्रत्येक रुग्णालयाने पीडितेवर लगेच आणि मोफत उपचार करणं कायद्याने बंधनकारक आहे. तक्रार करायची की नाही हे ठरलं नसलं तरी उपचार मिळतात. आपत्कालीन गोळी, पेप, इतर संसर्गांची औषधं आणि जखमांवर इलाज हे सगळं तिथेच व्हायला हवं. जमल्यास अंघोळ न करता जा आणि अंगावरचे कपडे कागदी पिशवीत घालून न्या. पण अंघोळ झाली असेल तर ‘आता उपयोग नाही’ असं समजू नका. नमुने साधारण चार दिवसांपर्यंत घेता येतात. महिला हेल्पलाइन १८१, पोलिस ११२. गुन्हा कुठल्याही पोलिस ठाण्यात नोंदवता येतो, हद्दीचं कारण देऊन परत पाठवता येत नाही.

कंडोम नीट वापरायचा म्हणजे कसा?

वर्षभर प्रत्येक वेळी अचूक वापरला तर शंभरातल्या साधारण दोन स्त्रियांना गर्भ राहतो. प्रत्यक्षात लोक वापरतात तसा वापरला तर सुमारे तेरा जणींना. मधला सगळा फरक हाताळण्याचा आहे.

मुदतीची तारीख बघा. पाकीट दाबून आतली हवा जाणवते का ते बघा. हवा नसेल तर कुठेतरी भोक आहे. पाकिटाच्या दातेरी कडेने फाडा, दाताने किंवा कात्रीने नाही. लिंग ताठ झाल्यावर, शरीराचा कुठलाही स्पर्श होण्याआधी चढवा. गुंडाळलेली कड बाहेरच्या बाजूला हवी. उलटा लागला तर तोच फिरवून वापरू नका, टोकाला स्राव लागलेला असतो. टोक चिमटीत धरून हवा काढा, वीर्याला जागा राहते. मुळापर्यंत उलगडा. वीर्यपतनानंतर लिंग ताठ असतानाच, मुळाशी कंडोम धरून बाहेर या. गाठ मारा, कागदात गुंडाळा, कचऱ्यात टाका; संडासात टाकला की तुंबतो.

फाटण्याची नेहमीची कारणं: खोबरेल तेल, व्हॅसलीन, बेबी ऑइल. तेलाने लेटेक्स मिनिटांत कमकुवत होतं. कोरडेपणा असेल तर पाण्यावर आधारित जेल मेडिकलमध्ये मिळतं. दोन कंडोम एकावर एक घातले तर घर्षणाने दोन्ही फाटतात. महिनोन्‌महिने पाकिटात किंवा गाडीच्या डिकीत ठेवलेला कंडोम उन्हाने खराब झालेला असतो. गुदमैथुनात जेल आवश्यकच, आणि त्यानंतर योनीसंबंध असेल तर नवा कंडोम.

विकत घ्यायला वयाचा किंवा लग्नाचा पुरावा लागत नाही. प्राथमिक आरोग्य केंद्रात सरकारी निरोध मोफत मिळतो.

आम्ही वेळेवर बाहेर काढतो आणि ‘सेफ’ दिवस पाळतो. पुरेसं नाही का?

नाही. वेळेवर बाहेर काढण्यावर भिस्त ठेवणाऱ्या शंभर जोडप्यांपैकी वीसच्या आसपास जोडप्यांत वर्षभरात गर्भ राहतो. वीर्याआधी येणाऱ्या चिकट स्रावातही कधीकधी शुक्राणू असतात. सेफ दिवसांचं गणित पुढची पाळी कधी येणार यावर बेतलेलं असतं, आणि परीक्षा, आजारपण, रात्रपाळी यांनी तीच हलते. बीजांड लवकर सुटलं तर पाळीच्या शेवटच्या दिवसांतल्या संबंधातूनही गर्भ राहतो. मुखमैथुनाने, एकाच टॉवेलने किंवा पोहण्याच्या तलावातून मात्र कधीच राहत नाही.

रोजची गोळी, छाया, अंतरा, तांबी. काय निवडू?

माला-एन ही सरकारी गोळी. पाकिटात २१ हार्मोनच्या आणि ७ लोहाच्या गोळ्या; रोज ठरलेल्या वेळी एक. एक चुकली तर आठवताच घ्या, त्या दिवशी दोन झाल्या तरी चालेल. लागोपाठ दोन किंवा जास्त चुकल्या तर पुढचे सात दिवस कंडोमही वापरा. डोळ्यांपुढे चमकणाऱ्या रेषा येऊन होणारी अर्धशिशी, उच्च रक्तदाब, आधी कधी झालेली रक्ताची गुठळी यांपैकी काही असेल तर ही गोळी तुमच्यासाठी नाही. जाडी वाढते, पुढे मूल होत नाही, या समजुतींना आधार नाही. बंद केल्यावर बीजांड पुन्हा सुटू लागतं.

छाया या गोळीत हार्मोन नाही. लखनौच्या केंद्रीय औषध संशोधन संस्थेत शोधलेलं सेंटक्रोमन तिच्यात असतं. पहिले तीन महिने आठवड्यातून दोनदा, ठरलेल्या वारी. नंतर आठवड्यातून एकदा. काहींची पाळी लांबते, ते अपेक्षित आहे. अंतरा हे इंजेक्शन दर तीन महिन्यांनी. त्याने पाळी अनियमित होते किंवा थांबते, आणि बंद केल्यावर गर्भ राहायला काही महिने जास्त लागू शकतात. लवकरच मूल हवं असेल तर ते निवडू नका. तांबी ३८०-ए दहा वर्षं चालते, सुरुवातीच्या काही पाळ्या जड जातात.

यांपैकी एकही साधन संसर्गापासून वाचवत नाही. नवं नातं असेल तर जोडीला कंडोम हवाच.

पूजेसाठी पाळी पुढे ढकलायची गोळी चालू आहे. त्या दिवसांत गर्भ राहणार नाही ना?

राहू शकतो. गौरी-गणपतीत किंवा लग्नसराईत घरोघरी घेतली जाणारी ही गोळी नॉरएथिस्टेरॉनची असते. ती पाळी लांबवते, पण या पद्धतीने घेतल्यावर गर्भनिरोधक म्हणून तिच्यावर विसंबता येत नाही. शिवाय पाळी मुद्दाम लांबवलेली असल्याने गर्भ राहिल्याचं उशिरा लक्षात येतं. बंद केल्यावर दोनतीन दिवसांत पाळी यायला हवी. आठवडा उलटला तर किट वापरा.

पहिल्या वेळी रक्त आलंच नाही. नवरा संशय घेतो.

योनिपटल हा योनीच्या तोंडाशी असलेला लवचीक पातळ पडदा आहे आणि त्याला जन्मतःच वाट असते, नाहीतर पाळीचं रक्त बाहेर कसं येईल? काहींचं ते जाड असतं, काहींचं नावापुरतं. पहिल्या संबंधात ते ताणलं जातं, थोडं फाटतं किंवा तसंच राहतं. कित्येकींना रक्त येत नाही. पडदा बघून कुणाचा संबंध आला आहे की नाही हे कुठलाही डॉक्टर सांगू शकत नाही. सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२२ मध्ये पीडितांवरची दोन बोटांची चाचणी अशास्त्रीय ठरवून ती करणाऱ्याला गैरवर्तनाबद्दल जबाबदार धरलं. पांढऱ्या चादरीची प्रथा तर सरळ छळ आहे. तिच्याविरुद्ध महाराष्ट्रात कंजारभाट समाजातलीच तरुण मुलंमुली उभी राहिली, त्यांचं धैर्य मोठं आहे.

संबंधाच्या वेळी फार दुखतं. सहन करायचं का?

मुळीच नाही. सर्वांत साधं कारण घाई. शरीर उत्तेजित व्हायला वेळ लागतो. तोवर योनी कोरडी आणि आवळलेली असते. स्पर्शाला वेळ द्या, जेल वापरा, वेग तिच्या हाती असू द्या. तरीही दुखत असेल तर जंतुसंसर्ग, एंडोमेट्रिओसिस (गर्भाशयाच्या अस्तरासारखा थर बाहेर वाढणं) किंवा योनीचे स्नायू आपोआप आवळले जाणं ही कारणं तपासावी लागतात. या शेवटच्या त्रासात टॅम्पॉन किंवा बोटही जात नाही. तो इच्छेने होत नाही आणि इच्छाशक्तीने थांबवताही येत नाही, पण फिजिओथेरपी आणि टप्प्याटप्प्याच्या सरावाने चांगला बरा होतो. कित्येक जोडपी लग्नानंतर वर्षानुवर्षं हे लपवतात आणि मग थेट ‘मूल होत नाही’ म्हणून डॉक्टरांकडे जातात.

संबंधानंतर लघवीला जळजळ होत असेल तर तो मूत्रमार्गाचा संसर्ग असू शकतो. लघवीची तपासणी करा, आणि पुढच्या वेळेपासून संबंधानंतर लघवी करायची सवय ठेवा.

हस्तमैथुनाने आणि स्वप्नदोषाने अशक्तपणा येतो का? लघवीतून धातू जाते.

नाही. वीर्य सतत तयार होत असतं. एका वेळी ते साधारण दीड ते पाच मिलिलिटर असतं, त्यात बहुतांश पाणी. रक्ताच्या चाळीस थेंबांचा एक थेंब वीर्य, या हिशेबाला शरीरशास्त्रात कसलाही आधार नाही. झोपेत वीर्य जाणं हा दोष नाहीच. लघवीच्या शेवटी दिसणारा पांढुरका अंश बहुधा क्षार किंवा ग्रंथींचा स्राव असतो. थकवा खरा असेल तर त्याची कारणं हिमोग्लोबिन, झोप, बी-१२, थायरॉइड आणि नैराश्यात शोधा. हस्तमैथुन काळजीचं तेव्हाच, जेव्हा त्यापायी कॉलेज बुडतं, त्वचा सोलवटते किंवा जोडीदाराबरोबर ताठरता येईनाशी होते.

र. धों. कर्वे १९२७ पासून आपल्या मासिकातून हेच सांगत होते. वाचकांच्या लैंगिक प्रश्नांना दिलेल्या उत्तरांवरून त्यांच्यावर १९३४ मध्ये अश्लीलतेचा खटला झाला आणि त्यांची बाजू डॉ. आंबेडकरांनी मांडली. त्या प्रश्नांपैकी एक हस्तमैथुनाचा होता. रेल्वेरुळांकडेच्या भिंतींवर ‘बचपन की गलतियाँ’ सुधारून देणाऱ्या भोंदू वैद्यांच्या जाहिराती आजही रंगवलेल्या दिसतात, आणि त्यांच्या तंबूतल्या पुड्यांपायी तरुण मुलं हजारो रुपये घालवतात. काही पुड्यांत जड धातू किंवा लपवलेली सिल्डेनाफिल, म्हणजे ताठरतेची औषधी गोळी, निघते.

आकार लहान आहे. आणि दोन मिनिटांत होतं.

ताठ लिंगाची सरासरी लांबी सुमारे १३ सेंटिमीटर आहे आणि तिच्या मागेपुढे मोठा पट्टा सामान्यच आहे. तेल, पंप, कॅप्सूल यांनी ती वाढत नाही. वेळेचं म्हणाल तर अनेक देशांतल्या जोडप्यांनी घड्याळ लावून मोजलेला मध्य साडेपाच मिनिटांच्या आसपास निघाला. पॉर्नमधला अर्धा तास कापून जोडलेला असतो. सुरुवातीच्या काळात लवकर होणं नेहमीचं आहे. पहिल्यापासून दरवेळी मिनिटभरातच होत असेल आणि त्याचा त्रास होत असेल तर औषध आणि सराव दोन्ही उपलब्ध आहेत.

सकाळी ताठरता येते पण जोडीदारासमोर येत नाही, तर कारण बहुधा ताण. मित्राने दिलेली निळी गोळी डॉक्टरांना न विचारता घेऊ नका; छातीदुखीसाठी सॉर्बिट्रेटसारखी नायट्रेट घेणाऱ्यात तिने रक्तदाब धोकादायक इतका उतरतो.

लिंगाची त्वचा मागे जात नाही.

जोर करू नका. अंघोळीत रोज हळूहळू, दुखणार नाही इतकीच मागे घ्या, धुवा, कोरडी करा आणि पुन्हा पुढे आणा. मागे नेलेली त्वचा तशीच अडकून टोक सुजलं तर काही तासांत रुग्णालय गाठावं लागतं. एरवी डॉक्टर आधी मलम देतात, शस्त्रक्रिया नंतरची. त्वचेला वारंवार चिरा पडत असतील तर साखर तपासा.

अंगावरून पांढरं जातं. आजार आहे का?

पाळीच्या मध्यावर पारदर्शक, ताणला जाणारा आणि नंतर दुधट घट्ट स्राव निरोगी शरीराचा आहे. दह्यासारखा आणि सोबत खाज, म्हणजे बुरशी. करडा पातळ आणि माशासारखा वास, म्हणजे आतल्या जंतूंचा तोल बिघडलेला. हिरवट, फेसाळ, म्हणजे ट्रायकोमोनास. यात जोडीदारालाही औषध द्यावं लागतं. योनी आतून स्वतः साफ होते; सुगंधी वॉशने तो तोल बिघडतो. बाहेरून पाणी पुरे.

काही लक्षण नाही, तरी तपासणी कशाला?

कारण क्लॅमिडिया आणि परमा (गनोरिया) हे संसर्ग स्त्रियांत बहुतेकदा गुपचूप राहतात आणि गर्भनलिका बंद करून जातात. गरमीची (सिफिलिसची) पहिली जखम दुखत नाही आणि औषध न घेताही भरते. आजार मात्र रक्तात पुढे सरकत राहतो, म्हणून ‘आपोआप बरं झालं’ हीच धोक्याची खूण. नवं नातं जुळलं की दोघांनी एचआयव्ही, व्हीडीआरएल (गरमीची रक्ततपासणी), हिपॅटायटिस बी आणि लघवीची तपासणी करून घ्या. मुखमैथुनातूनही परमा, गरमी आणि हर्पिस लागतात. सरकारी रुग्णालयांतल्या ‘सुरक्षा क्लिनिक’मध्ये तपासणी आणि औषध मोफत आहे. एकट्याने औषध घेऊन उपयोग नाही. जोडीदाराने घेतलं नाही तर तोच आजार परत येतो. औषधानंतर किमान सात दिवस संबंध टाळा.

हिपॅटायटिस बीची लस लहानपणी झाली नसेल तर तीन डोस घ्या. एचपीव्हीची लस गर्भाशयमुखाच्या कर्करोगापासून वाचवते. पुण्याच्या सिरम इन्स्टिट्यूटची ‘सर्व्हाव्हॅक’ २०२३ पासून मिळते. नऊ ते चौदा वयात दोन डोस, पंधरा ते सव्वीसमध्ये तीन: आज, दोन महिन्यांनी, सहा महिन्यांनी. मुलांनाही देता येते. संबंध सुरू होण्याआधी घेतली तर लाभ सर्वाधिक, नंतरही आहेच.

मला मुलगेच आवडतात. यावर उपचार आहे का?

उपचार लागत नाही, कारण हा आजार नाही. ६ सप्टेंबर २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने प्रौढांमधले संमतीचे समलिंगी संबंध गुन्ह्याच्या कक्षेतून बाहेर काढले. ‘बदलून देतो’ म्हणणारा डॉक्टर व्यावसायिक गैरवर्तन करतो, असं राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने २०२२ मध्ये जाहीर केलं आहे. घरचे अशा ठिकाणी नेत असतील तर हे सांगा. मन फार खचलं असेल तर टेली-मानस या हेल्पलाइनवर, १४४१६, मराठीतही बोलतात.

ती गप्प होती, म्हणजे हो ना?

गप्प राहणं होकार नव्हे. झोपेतली, दारूच्या नशेतली, नोकरी किंवा फोटोच्या धाकातली ‘हो’ सुद्धा होकार नव्हे. काल हो होतं म्हणून आज असतंच असं नाही, आणि मध्येच थांबायला सांगितलं तर थांबायचं. विचारायला एक वाक्य पुरतं: ‘चालेल ना तुला?’ अठराच्या आतल्या व्यक्तीची संमती कायदा मानतच नाही, दोघं एकाच वर्गात असले तरी.

व्हिडिओ पसरवायची धमकी येते आहे. पैसे देऊ का?

देऊ नका, एकदा दिले की मागणी वाढते. चॅट, नंबर, यूपीआय आयडी यांचे स्क्रीनशॉट आधी घ्या, मग ब्लॉक करा. १९३० वर फोन किंवा सायबर गुन्ह्यांच्या राष्ट्रीय पोर्टलवर तक्रार करा. ‘स्टॉप एनसीआयआय’ या मोफत सेवेत फोटो तुमच्या फोनमध्येच राहतो, त्याचा फक्त सांकेतिक ठसा जातो आणि सहभागी समाजमाध्यमं त्यावरून तो रोखतात.

नेमकं कुठल्या डॉक्टरकडे जायचं, आणि सांगायचं काय?

पाळी, गर्भ, स्त्राव, दुखणं: स्त्रीरोगतज्ज्ञ. फोड, जखम, खाज: त्वचारोग आणि गुप्तरोगतज्ज्ञ, त्यांची पदवी एमडी किंवा डीव्हीडी असते. लिंग, लघवी, ताठरता: यूरोलॉजिस्ट. एकोणीस वर्षांपर्यंतच्यांसाठी सरकारी रुग्णालयांत ‘मैत्री’ क्लिनिक आहेत. केसपेपरच्या खिडकीवर कारण सांगायची गरज नाही, ‘डॉक्टरांशी बोलायचं आहे’ एवढं पुरतं. आत गेल्यावर सोबतच्याला बाहेर थांबवायचा हक्क तुमचा आहे. तोंडाने सांगवत नसेल तर हे चार मुद्दे कागदावर लिहून पुढे करा: शेवटची पाळी किंवा त्रास सुरू झाल्याची तारीख, शेवटचा संबंध कधी, कंडोम होता का, आणि सध्या चालू असलेली औषधं.